पावणेदोन किलोमीटरची पांदण

गाडीवर किती पैसे घातलेस, असं कोणी विचारलं की मी वही काढते. नागपुरात धंतोलीतल्या एका कचेरीत मी लोकांचे ताळेबंद जुळवते, त्यामुळे हिशेब ठेवायची खोड जाता जात नाही. वहीचे दोन रकाने आहेत. डावीकडे जे कामाला आलं ते, उजवीकडे जे पाण्यात गेलं ते. पहिल्या वर्षी उजवा रकाना पान भरून पुढच्या पानावर गेला होता.

गाडी म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस, २०१७ ची, मी २०१९ मध्ये जुनी घेतली. चार दारं, मागे उघडा हौदा, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी. आमच्या सोसायटीत ती उभी राहिली की दोन गाड्यांची जागा खाते, कारण लांबी जवळजवळ ५.३ मीटर आहे. नवऱ्याने पहिल्या दिवशी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ही लावायची कुठं, ते आधी ठरवलं होतं का?" ठरवलं नव्हतं.

पण घेण्याचं कारण पक्कं होतं. बाबा काटोलजवळच्या गावी राहतात आणि आमची संत्र्याची बाग गावापासून पावणेदोन किलोमीटरवर आहे. नागपूरहून निघून फेटरी, कळमेश्वर, काटोल असा साठेक किलोमीटरचा रस्ता डांबरी आणि सुखाचा. गावातून पुढे मात्र पांदण. पश्चिम महाराष्ट्रात पाणंद म्हणतात तीच. दोन्हीकडे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, धुऱ्यांवर बाभळी, बोरी आणि बेशरमाची झुडपं, मधून बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, चाकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोरलेली वाट. वाट कोरत कोरत शेतांपेक्षा खाली गेली आहे, त्यामुळे पावसाळ्यात दोन्ही बाजूंचं पाणी तिच्यातच उतरतं. म्हणजे जूनपर्यंत रस्ता, जूनपासून नाला.

माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात साबण. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी धरते की दहा पावलांत टायरच्या खाचा भरून तो कणकेच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. साधी गाडी सोडा, मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये माती भरून चाक जागेवर थांबतं. आणि आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या फळांची, गळ नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तेव्हा फवारणी आठवडाभर लांबली तर झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. २०१८ मध्ये बाबा याच पांदणीत पाय घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर औषधाचा २०० लिटरचा ड्रम, पंप आणि दोन माणसं बागेत पोचवणं माझ्याकडे आलं. भाड्याचा ट्रॅक्टर होता, पण ज्या दिवशी मला हवा त्याच दिवशी तो अख्ख्या गावाला हवा असायचा.

आता चूक सांगते.

गाडी घेतल्यावर मी सरळ नागपुरातल्या एका सजावटीच्या दुकानात गेले. नाव सांगत नाही, भांडण मिटलं आहे. काउंटरवरच्या मुलाने पांदण हा शब्द ऐकला आणि म्हणाला, "ताई, पहिले गाडी उचला. मंग पाहा मजा." गाडी उचलायची म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या वर जाड स्पेसर बसवायचा, मागे स्प्रिंगच्या पाट्याखाली ठोकळा. गाडी दोन इंच वर. दोन इंच वर आली की मोठे टायर मावतात, म्हणून कंपनीच्या २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७५ चे रुंद टायर. ते स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासायचे, म्हणून ते प्लास्टिक कापलं. शिवाय वर लाइटची लांब पट्टी. मी पाहतच राहिले. गाडी फार सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू.

बाबांनी अंगणात खुर्चीवर बसून पाहिली. वॉकर बाजूला ठेवला होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चाक रुंद केलं तं चिखल भेते का? बंडीचं चाक पाह्य. बारीक अन् उंच. खालच्या मुरमाले लागलं पाह्यजे."

मला ते तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. पण खरं तसंच आहे, निदान आमच्या पांदणीत. वर हातभर चिखल आणि खाली बाबांच्या वडिलांच्या काळात टाकलेला मुरूम. बारीक चाक चिखल कापून मुरमापर्यंत जातं आणि धरतं. रुंद चाक चिखलावर तरंगायला जातं, दोन टनांची गाडी तरंगत नाही, मग ते चिखल पुढे लोटत बसतं. कन्हानच्या वाळूत गोष्ट उलटी, तिथे तळच नाही, तिथे चाकाखाली जितकी जागा जास्त तितकं बरं. पण मी कन्हानच्या पात्रात काय करणार होते? वाळूचे ट्रक तिथे पुरेसे आहेत.

रुंद टायर घेऊन मी पहिल्या जुलैत चार वेळा फसले. आणि सप्टेंबरमध्ये पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं दिसलं. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवर रबरी बूट असतात. स्पेसरमुळे गाडी वर गेली, तिच्याबरोबर गिअरचा डबा वर गेला, पण चाकं खालीच राहिली, त्यामुळे दांड्या जास्त तिरक्या झाल्या. तिरक्या सांध्यात रबराच्या घड्या एकमेकींवर घासल्या, बूट फाटला, आत चिखल शिरला आणि सांधा गेला. वळताना टक-टक-टक आवाज. दुकानदाराचं म्हणणं, तुम्हीच गाडी रगडली. मी म्हटलं, रगडायलाच घेतली होती. तिथून पुढे आमचं बोलणं बंद झालं. स्पेसर, ठोकळे, रुंद टायर, सगळं उजव्या रकान्यात.

मग मी एक हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. जुना टायर २४५/७०: बाजूची उंची १७१.५ मिलिमीटर, दोन बाजू मिळून ३४३, त्यात १६ इंची रिमचे ४०६ मिळवले की व्यास ७४९. त्याच रुंदीचा २४५/७५ घेतला तर व्यास ७७४. फरक २५ मिलिमीटर, पण गाडी वर जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे साडेबारा. करंगळीच्या जाडीएवढी. एवढ्यासाठी एवढा आटापिटा? हो, कारण हा टायर स्पेसरशिवाय, काहीही न कापता बसतो, उंच आहे आणि रुंद नाही. बंडीचं चाक. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ ने चालते, एवढं लक्षात ठेवायचं.

खाचांचा प्रश्न उरला. चिखलाचे टायर, ज्यांना सगळे मड टेरेन म्हणतात, त्यांच्या गठ्ठ्यांमध्ये जागा मोठी असते, चाक फिरलं की माती बाहेर फेकली जाते. डांबरावर मात्र ते मळणीयंत्रासारखे घोंगावतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. नागपूर-काटोल जाऊन-येऊन १२० किलोमीटर डांबर आणि साडेतीन किलोमीटर चिखल. कोणासाठी टायर घ्यायचा? मी दोन्ही घेतले. भंगारवाल्याकडून चार जुने रिम आणले, सरळ करून घेतले आणि त्यांवर चिखलाचे टायर चढवले. मृगाला ते गाडीला लागतात, दिवाळीनंतर उतरतात. सोसायटीच्या गच्चीवर बाकीचे महिने ते ताडपत्रीखाली झोपलेले असतात, कारण आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन रबराला खाऊन टाकतं. सेक्रेटरींनी यावर एक पत्र दिलं होतं. मी संत्र्यांची पेटी दिली.

पण वहीत डाव्या रकान्यात सगळ्यात वर काय आहे, सांगू? हवा मोजायचं घड्याळ. आणि हवा भरायचा पंप.

डांबरावर मी हवा ३४ पीएसआय ठेवते. गाव संपून पांदण सुरू होते तिथे तिठ्यावर एक चहाची टपरी आहे. तिथे गाडी थांबवायची, चारही चाकांची हवा १८ वर आणायची. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो, आणि रुंदीत कमी, लांबीत जास्त पसरतो. जमिनीला लागलेला तुकडा लांबट होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. शिवाय टायर मऊ पडल्याने दगडावर तो गुंडाळला जातो, ठोकर गाडीला बसत नाही. माझ्या पहिल्या जुलैतल्या चार फसण्यांपैकी तीन तरी एवढ्यानेच टळल्या असत्या, फुकटात. १५ च्या खाली मी जात नाही. ट्यूबलेस टायर कमी हवेत वळताना रिमवरून निसटतो, आणि चिखलात गुडघाभर बसून तो परत चढवणं कोणाच्या नशिबी येऊ नये.

परत येताना त्याच टपरीवर हवा भरायची. पहिला पंप सिगारेट लायटरच्या भोकात लावायचा होता, त्याने दुसऱ्या चाकाला फ्यूज उडवला. आता बॅटरीला चिमटे लावायचा पंप आहे, चारही चाकांना मिळून वीस मिनिटं घेतो. तेवढ्यात गावातली सगळी पोरं जमतात. त्यांच्यात एक ठरलेला पंच आहे, सात-आठ वर्षांचा, तो घड्याळ हातात धरून आकडा ओरडतो: "सव्वीस! सत्तावीस!" चौतिसाला सगळे मिळून टाळ्या वाजवतात. हवा न भरता डांबरावर पळवू नये, मऊ टायर तापतो आणि फाटतो. आणि हवा सकाळी थंड असताना मोजावी. मे महिन्यात सकाळी सहाला ३४ असलेला टायर दुपारी धावून आल्यावर ३८ दाखवतो, तो सोडायचा नसतो. मी एकदा सोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ३० वर आला.

एक फजिती राहिली. पांदणीतून आल्यावर काटोल रोडला ७० च्या वर गाडी गेली की स्टेअरिंग थरथरायचं. दोनदा व्हील बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट, पैसे दिले, पुढच्या आठवड्यात पुन्हा थरथर. शेवटी वाडीच्या एका पंक्चरवाल्याने चाक काढून उलटं केलं आणि रिमच्या आतून वाळलेल्या चिखलाची ढेप काढून माझ्या हातात ठेवली. अर्धा किलो तरी असेल. "मॅडम, हे पाहा तुमचं बॅलन्सिंग." आता बागेतल्या पंपाने रिमच्या आतून पाणी मारल्याशिवाय निघत नाही.

फोर बाय फोरबद्दल थोडं, कारण कचेरीतले लोक समजतात की बटण फिरवलं की गाडी कुठेही जाते. व्ही-क्रॉसमध्ये गोल बटण आहे: टू-हाय म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना ताकद, फोर-हाय म्हणजे चारही चाकांना, फोर-लो म्हणजे चारही चाकांना पण हळू आणि जास्त जोराने. पुढची आणि मागची चाकं जोडली गेली की ती सारख्याच वेगाने फिरतात, मध्ये फरक सांभाळणारं काही नसतं. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक जिरवतं. कोरड्या डांबरावर वळलं तर जिरवायला जागा नाही, सगळा पीळ दांड्यांत आणि गिअरमध्ये चढतो, गाडी वळताना कोणी मागून धरल्यासारखी अडते. म्हणून डांबर लागलं की टू-हाय, न चुकता. दुसरं, चार चाकांना ताकद म्हणतात ते अर्धसत्य. प्रत्येक जोडीमधलं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा, ताकद तिकडे सोडतं जिकडे विरोध कमी. एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत किंवा लोण्यात गेलं की ती दोन गरगर फिरतात आणि धरलेली दोन नुसती पाहत राहतात. यावर उपाय लॉकर, मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा. महाग आहे. तीन वर्षं माझ्या वहीत तो पेन्सिलने लिहिलेला आहे.

तोवर उपाय असा: बंड्यांच्या चाकोऱ्यांत दोन्हीकडची चाकं सारखी ठेवायची, तिरकं जायचं नाही, फोर-हाय दुसऱ्या गिअरवर एका चालीने जायचं आणि मध्ये थांबायचं नाही. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय काढायचा. आणखी दाबला तर गाडी स्वतःची कबर खोदते.

सगळ्यात स्वस्त सुधारणा माझी नाल्याने करून दिली. पांदणीच्या दोन-तृतीयांशावर एक ओढा आडवा येतो, एरवी घोट्याएवढा, ऑगस्टमध्ये मांडीएवढा. २०२० च्या ऑगस्टमध्ये मी तो दहा-बारा वेळा पार केला, इंजिनात पाणी गेलं नाही म्हणून खुश. दिवाळीत ऑइल बदलायला गेले तर मागच्या डिफरन्शियलमधून ऑइलऐवजी दुधाचा चहा बाहेर आला. मिस्त्री म्हणाला, "इतकं पाणी आत कसं घेतलं ताई?" कारण साधं आहे. साठ किलोमीटर धावून तो लोखंडी गोळा तापलेला असतो. गार पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढते. हवेसाठी वर एक छोटी टोपी असते, ती चिखलाने बुजलेली, मग सीलच्या कडेने पाणी ओढलं गेलं. टोपीच्या जागी एक लांब रबरी नळी लावली, ती हौद्याच्या वरपर्यंत नेली, टोकाला बोटभर फिल्टर. गिअरबॉक्सला पण एक. सगळं मिळून हजाराच्या आत. बेअरिंग बदलायला त्याच्या बारा पट लागले होते.

लोक स्नॉर्केल लाव म्हणतात, हत्तीच्या सोंडेसारखा बॉनेटच्या बाजूने वर जाणारा पाइप. इंजिन पाणी प्यायलं तर खरंच संपतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टनची दांडी वाकते. पण स्नॉर्केल लावण्याएवढं पाणी असेल तर ओढ्यात जायचंच कशाला? बाबांचा नियम: काठी घेऊन आधी पायी उतरायचं, आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ होऊन कडेने काड्या-पालापाचोळा वाहत येत असेल तर चहा प्यायला परत फिरायचं. वर पाऊस झाला की तासाभरात पाणी चढतं आणि दोन तासांत उतरतं. आणि ओढ्याआधी पाच मिनिटं थांबून गाडी थोडी निवू द्यायची, हा माझा नियम, दुधाच्या चहापासून.

फसल्यावर बाहेर काढायची गोष्ट मी गंभीरपणे सांगते. पहिल्या वर्षी शेजारच्या काकांनी ट्रॅक्टर आणला, साखळी माझ्या गाडीच्या पुढच्या खालच्या कडीत अडकवली आणि झटका दिला. कडी वाकली, साखळी सुटली आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एवढ्या जोराने आदळली की पत्रा आत गेला. काका तेव्हा खाली वाकून गिअर टाकत होते, म्हणून वाचले. त्या कड्या ट्रेलरवर किंवा जहाजात गाडी बांधून ठेवण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाही, हे मला नंतर कळलं. आता चासीला मोठ्या बोल्टांनी बसवलेले ओढायचे हूक आहेत, पुढे दोन, मागे एक. साखळी बंद. त्याऐवजी ताणली जाणारी नायलॉनची जाड दोरी, जी रबरासारखी लांबते आणि हळूहळू जोर घेते. दोरीच्या मध्यावर ओली पोतडी टाकायची, तुटलीच तर ती खाली पडते. आणि पोरांना पार धुऱ्याच्या पलीकडे पाठवायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर, मी घेतली नाही. मोटर आणि तिला धरणारं लोखंडी बंपर मिळून नव्वद-शंभर किलो वजन गाडीच्या नाकावर, आणि नाकच आधी चिखलात जातं. शिवाय अडकवायचं कशाला? आमच्या बाजूला संत्र्याची झाडं आहेत, उथळ मुळांची. एक झाड उपटलं तर गाडी विकूनही बाबा मला घरात घेणार नाहीत. धुऱ्यावर बाभळी आहेत, त्यांच्यासाठी हाताने दांडा मारून ओढायची कप्पी ठेवली आहे. दर दांड्याला बोटभर गाडी सरकते. हळू आहे, पण कधी चिडत नाही. झाडाला दोरी नाही, रुंद पट्टा गुंडाळायचा, नाहीतर साल सोलून निघते.

हौद्यात ड्रम भरला की गाडीचं ढुंगण खाली बसायचं आणि लाइट आकाशात. वाडीला अमरावती रोडवर ट्रकचे पाटे करणारे एक चाचा आहेत, त्यांनी मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून दिला. म्हणाले, "दीदी, दो डालूंगा तो खाली गाडी में कमर टूटेगी आपकी. एक ही डालूंगा." रिकामी असताना ती थोडी उडते, म्हणून पावसाळ्यात मी हौद्यात दोन पोती रेती ठेवते. पोटाखाली चार मिलिमीटरचा पत्रा लावून घेतला, कारण पांदणीच्या मधल्या गवतात दगड लपलेले असतात. पत्रा लावणाऱ्याने ऑइल काढायला भोकच ठेवलं नाही, ते नंतर पाडलं. ऑक्टोबरमध्ये या पत्र्यावर सुकं गवत साचतं आणि सायलेन्सर तापलेला असतो, म्हणून आठवड्याला एकदा खाली झोपून ते हाताने काढते. साडीत नाही, विचारण्याआधीच सांगते.

कायद्याचं मी कचेरीतल्या सवयीने वाचलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पुढे लावायचे लोखंडी बुल बार २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राने बंद करायला सांगितले आहेत. ते लागलेले असले की धडक बसताना एअरबॅगचा अंदाज चुकू शकतो आणि समोरच्या पायी माणसाचं तर काही उरत नाही. लाइटची लांब पट्टी मी काढून विकली, तिने काटोल रोडला समोरच्याचे डोळे दिपत होते आणि पांदणीत धुक्यात माझेच. केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवले. एक कागद परत आला, तोही वहीत चिकटवला आहे.

आणि जंगल. फोर बाय फोर आहे म्हटल्यावर मित्रमंडळी पेंच, बोर, उमरेडच्या बाजूला "आतल्या वाटेने" जाऊ या म्हणतात. नाही. तिथे ठरलेल्या वाटेबाहेर गाडी घालणं गुन्हा आहे. मला चिखल हवा असला तर माझ्याकडे माझा आहे.

एवढं सगळं लावूनही निर्णय शेवटी बाबांच्या मुठीत असतो. पाऊस थांबल्यावर ते आता काठीने धुऱ्यापर्यंत चालत जातात, मूठभर माती उचलतात, दाबून लाडू करतात आणि कंबरेच्या उंचीवरून सोडतात. लाडू तसाच चपटा बसला तर वाफसा नाही, म्हणजे माती अजून कामाजोगी सुकलेली नाही. फुटला तर आहे. वाफसा नसेल तर पेरणी नाही, डवरणी नाही, आणि आता गाडीही नाही. मागच्या ऑगस्टमध्ये मी हट्टाने एक दिवस आधी निघाले, औषध महाग होतं आणि माझी रजा एकच दिवस होती. चिखलाचे टायर, १८ ची हवा, फोर-हाय, सगळं बरोबर केलं. ओढ्याच्या अलीकडे साठ पावलांवर चारही चाकं सावकाश खाली गेली आणि पोटाचा पत्रा चिखलावर टेकला. चाक फिरवून उपयोग नव्हता, गाडी पोटावर बसली होती. फावड्याने पोटाखालचा चिखल काढत, कप्पीने बोटबोट ओढत साडेतीन तास लागले. ड्रम रिकामा करावा लागला असता तर रडले असते. बाबांना फोन केला नाही. त्यांना टपरीवाल्याने केला.

दुसऱ्या दिवशी लाडू फुटला आणि आम्ही बारा मिनिटांत बागेत पोचलो. बाबा डाव्या सीटवर, काठी गुडघ्यांमध्ये. ओढ्यात उतरायला त्यांना दार उघडून हवं होतं, मी उतरले, काठी घेतली, पाणी गुडघ्याखाली. वर आल्यावर त्यांनी माझे पाय पाहिले, नळाखाली न धुता तसेच आत ठेवले म्हणून, आणि काही बोलले नाहीत.

या महिन्यात ग्रामपंचायतीत बोर्ड लागला आहे. आमची पांदण मंजूर झाली. आधी मातीकाम, मग मुरूम, मग खडी. दोन्ही बाजूंना नाल्या, ओढ्यावर सिमेंटचे पाइप टाकून मोरी. मोजणीवाले येऊन धुऱ्यावर चुना मारून गेले. मी शनिवारी गेले तेव्हा बाबा अंगणात गाडीकडे पाहत बसले होते, गच्चीवरून आणलेले चिखलाचे टायर हौद्यातून काढून मी भिंतीला लावत होते.

"मंग आता हे गाडी इकशीन का वं?"

मी म्हटलं, आधी मुरूम पडू द्या. पावसाळा दोन महिन्यांवर आहे.

"मुरूम पडन," बाबा म्हणाले. "कधी, थे नाही सांगितलं त्याईनं."

मी टायर परत गाडीजवळ आणून ठेवले.